बोट लागण्यापूर्वी

अहिवाऱ्याला समुद्र नाही. मोठं बंदर बघायचं तर विशाखापट्टण गाठावं लागतं, आणि त्यासाठी रेल्वेचा लांबचा प्रवास करावा लागतो. पाणी म्हणून आमच्याकडे जे आहे ते नंदिनीच्या जुन्या खाणींत साठलेलं. भिलाईच्या पोलाद कारखान्याला या खाणींनी वर्षानुवर्षं चुनखडी पुरवली, त्या बदल्यात आम्हाला खड्डे मिळाले. पावसाळ्यात ते भरले की त्यांच्या काठावर उभं राहून आम्ही सागरदर्शन उरकतो.

अशा गावात सध्या मी समुद्रपर्यटनाचा सल्लागार आहे. सकाळी दूध आणायला निघालो की कुणीतरी गाठतंच. ‘‘कका, हमू मन क्रूज म जाबो कहत हन. का-का धियान रखे बर परही?’’ जाण्यापूर्वी हीच मंडळी मला विचारत होती, ‘‘क्रूज? वो तो मिसाइल होथे न?’’ म्हणजे गावाची प्रगती आहे.

माझी पात्रता एवढीच, की अख्ख्या नगरपालिकेच्या हद्दीत जहाज चुकता चुकता राहिलेला मी एकटा आहे. त्यात मी निवृत्त कुठून झालो? खाणीच्या टाइम ऑफिसातून! चौतीस वर्षं मी लोकांना लेटमार्क दिले. दोन मिनिटं उशिरा आलेला माणूस ‘‘साहब, साइकिल पंक्चर’’ म्हणायचा, तेव्हा मी मान वर न करता विचारायचो, ‘‘और घड़ी?’’ हे वाक्य मी स्वतःच तयार केलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

सहलीची कल्पना आमच्या साडूंची. साडू नागपूरचे. नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती वाटत नाही आणि साडूला कशाचीच वाटत नाही; इथे तर दोन्ही एकत्र आलेले. सिंगापूरहून निघायचं, पोर्ट क्लांग, पेनांग आणि फुकेत ही तीन बंदरं करायची आणि पुन्हा सिंगापूर. बरोबर मी, सौ., साडू, मेव्हणी आणि ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई. आत्याबाई सौ.च्या. जन्म वेंगुर्ल्याचा, लग्न होऊन भिलाईला आल्या त्या इथल्याच झाल्या, पण चिडल्या की अजून मालवणीत चिडतात. त्यांना न्यायला साडूंचा विरोध होता. ‘‘भाऊ, म्हाताऱ्या माणसाले जहाजावर घेऊन जाऊन राहिला, बोट लागली तं?’’

इथे एक खुलासा. मराठीत बोट दोन प्रकारे लागते, एकदा बंदराला आणि एकदा माणसाला. आमच्या प्रवासात पहिल्या बंदराला बोट लागण्याच्या आत ती साडूंना लागली. आत्याबाई त्यांच्या शेजारी बसून आल्याचा तुकडा चघळत होत्या. ‘‘घे, चावून गिळ. आणि खाली नको बघू, लांब बघ,’’ त्या म्हणाल्या. साडूंनी लांब बघितलं. लांब जेवणाचा बुफे होता. पुढचं सांगत नाही.

निघण्याआधीचं सांगायचं तर पहिला धडा नागपूरच्या विमानतळावरच झाला. साडूंनी आठवड्याभराचा खर्रा घोटून पुड्या बांधून घेतल्या होत्या. सिंगापुरात च्युइंगमवर बंदी आहे हे त्यांनी वाचलं होतं आणि ‘‘आपण कुठं च्युइंगम खातो?’’ म्हणून ते निर्धास्त होते. तिथे तोंडात धरायच्या तंबाखूवरही बंदी आहे हे मेव्हणींनी फोनवर शोधून दाखवलं. बाहेर कचऱ्याच्या डब्याजवळ साडू ज्या चेहऱ्याने उभे राहिले, तो मी मुलींच्या पाठवणीतही पाहिलेला नाही. दुसरी गंमत कागदांची. सिंगापुरातून निघून सिंगापुरातच परतायचं म्हणजे त्या देशात दोनदा शिरायचं. म्हणून व्हिसा दोन्ही खेपांना चालणारा हवा, आणि आगमनाचा ऑनलाइन फॉर्म परतीला पुन्हा भरायचा. साडूंचं मत होतं, ‘‘सामान तं जहाजावरच हाये, आपण गेलोच कुठं?’’ ते त्यांनी परतीला इमिग्रेशनच्या खिडकीतल्या बाईंनाही ऐकवलं. बाईंनी शांतपणे फॉर्म दाखवला.

पहिलं बंदर, छापील कार्यक्रमात लिहिल्याप्रमाणे, ‘क्वालालंपूर’. मी पहाटेच डेकवर जाऊन पेट्रोनासचे जुळे मनोरे शोधायला लागलो. ४५२ मीटर उंच, ८८ मजले, एके काळचे जगातले सर्वांत उंच. एवढा ऐवज कुठे लपणार? समोर क्रेन, कंटेनर आणि एक झोपाळू कावळा. शेजारच्या खुर्चीतल्या गुजराती काकांनी सांगितलं, ‘‘भाई, आ तो पोर्ट क्लांग. सिटी दूर छे.’’ बदलापूरचा माणूस गावी जाऊन ‘मुंबईला असतो’ म्हणून सांगतो ना, जहाज कंपन्यांचंही तसंच. नाव राजधानीचं, उतरायचं खाडीत. जाऊन-येऊन तीन तास रस्त्यात गेले. मनोरे आम्ही गाडीच्या काचेतून, मान वाकडी करून, सिग्नल सुटेपर्यंत बघितले. बटू लेण्यांच्या २७२ पायऱ्या चढायचा सौ.चा नवस होता. साडूंनी चाळिसाव्या पायरीवर मुरुगनला खालूनच नमस्कार केला. माझं अर्धं लक्ष घड्याळात असल्यामुळे देवही मला उभ्या उभ्याच भेटला.

साडूंनी यातून धडा घेतला. त्यांचा दोष हा, की ते प्रत्येक धडा घेतात, पण पुढच्या पेपराला मागचं उत्तर लिहितात. पेनांगला त्यांनी जहाजावरूनच मोठी टॅक्सी ठरवली. ‘‘आता फसत नाही, बाप्पा! बंदरं दूर राहतेत.’’ पेनांगचा स्वेटनहॅम धक्का मात्र जॉर्जटाउन शहराला चिकटूनच आहे. युनेस्कोने २००८ साली जागतिक वारसा म्हणून यादीत घातलेलं जुनं शहर धक्क्याच्या फाटकापासून सुरू होतं. टॅक्सीने एकेरी रस्त्यांवरून आम्हाला शहराला एक प्रदक्षिणा घडवली आणि १८३३ सालच्या मरिअम्मन देवळापाशी सोडलं. परत येताना आम्ही सहज चालत निघालो आणि चौथ्या वळणावर जहाजाचं धुराडं दिसलं. साडू म्हणाले, ‘‘आपलंच दिसते.’’ मग बराच वेळ काही म्हणाले नाहीत.

त्या धक्क्याजवळ घड्याळाचा एक मनोरा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून तो ६० फूट उंच बांधला, वर्षाला एक फूट. दुसऱ्या महायुद्धात जवळ बॉम्ब पडल्यापासून तो जरा कललेला आहे. टाइम ऑफिसचा माणूस म्हणून मी त्याच्यासमोर आदराने उभा राहिलो आणि सौ.ला म्हणालो, ‘‘बघ, एवढा बॉम्ब पडला तरी वेळ दाखवतोय.’’ मनगटावर माझं एचएमटी होतं. ते मी प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवलं होतं. घड्याळाचे काटे फिरवणं मला हजेरीपुस्तकात खाडाखोड केल्यासारखं वाटतं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तेवढे मनात मिळवायचे की झालं. साडू हसायचे. ‘‘भाऊ, फोन आपोआप बदलते. तू काहून आकडेमोड करून राहिला?’’

जहाजावर रोज रात्री खोलीत एक छापील कागद येतो. उद्या कुठे, काय, कधी, जेवणाच्या वेळा, नाच कुठल्या मजल्यावर. पेनांगच्या रात्रीही आला. सकाळी निघायच्या घाईत सौ.ने विचारलं, ‘‘ठेठरी कशात बांधू?’’ ठेठरी म्हणजे आमच्या छत्तीसगडची बेसनाची तळलेली वेटोळी. ती घेतल्याशिवाय अहिवाऱ्याचा माणूस दुर्गलाही जात नाही. जहाजावरचं ताजं अन्न आणि फळं खाली उतरवू नका असं सारखं बजावत होते, म्हणून बुफेतल्या इडल्या रुमालात गुंडाळायची सौ.ची कला दोन दिवस वाया चालली होती. ठेठरी घरची, कोरडी. मी टेबलावरचा कागद उचलून दिला. त्याच वेळी वरच्या कर्ण्यातून कुणीतरी काहीतरी सांगत होतं. डोशाच्या रांगेत माझा नंबर जायला नको म्हणून मी ते ऐकलं नाही.

फुकेतला जहाज धक्क्याला लागलंच नाही. ते पातोंगच्या किनाऱ्यापासून लांब नांगरून उभं राहिलं आणि माणसं लहान नावांतून किनाऱ्यावर न्यायला सुरुवात झाली. जहाजाच्या दारात, हलत्या नावेकडे बघत साडू थबकले. दोन्ही बाजूंनी दोन खलाशी धरून, तरी पाय पुढे पडेना. मागून आत्याबाई आल्या, साडीचा काठ वर खोचला, लाट नावेला वर उचलून आणेपर्यंत थांबल्या आणि एक पाऊल टाकून सरळ आत जाऊन बसल्या.

‘‘आत्या, तुम्हाला भीती नाही वाटली?’’ मेव्हणींनी विचारलं.

‘‘कसली गो भीती? आमच्या वेंगुर्ल्याक बोट खंय धक्क्याक लागा होती? ती भायर उभी रवायची. पडावातून जावचा, वर चढाचा. ट्रंका, फणसाचे घरे, पोरां, सगळा वर.’’

पन्नासच्या दशकात कोकणातून आगबोटीने भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लोकांना हे आजन्म पाठ असतं. आपण डॉलर भरून ज्याला ‘टेंडर सर्व्हिस’ म्हणतो, ते कोकणी माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन, भर उकाड्यात, पोराला काखेत मारून करत होता. आत्याबाईंनी आणखी एक सवय तेव्हापासून जपलेली आहे. किनाऱ्याला उतरल्या की बोट नजरेआड करत नाहीत. ‘‘तुम्ही फिरून या. मी हंयसर बसतंय.’’ धक्क्याजवळ एका छत्रीखाली त्या बसल्या. सोबतीला मेव्हणी आणि ठेठरीचा पुडा.

आम्ही तिघं डोंगर ओलांडून जुन्या फुकेत गावात गेलो. रंगीत पोर्तुगीज-चिनी घाटाची घरं बघितली. परत पातोंगला आलो तेव्हा साडूंच्या फोनवर साडेतीन झाले होते. शेवटची नाव पाच वाजता, एवढं आम्हा दोघांना पक्कं पाठ होतं.

‘‘दीड तास हाये,’’ साडू म्हणाले.

मी एचएमटीकडे बघितलं. दोन वाजले होते. आता ऐका माझी हुशारी. मला सिंगापूरचे अडीच तास मिळवायचे होते. पण थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं, हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर वाचलो असतो! मी त्या ज्ञानाचा उपयोग केला आणि अडीचऐवजी दीड मिळवले. साडेतीन. यंत्र आणि माणूस, दोघांचं एकमत झालं. मी साडूंना म्हणालो, ‘‘अगदी बरोबर.’’ आमच्या तीस वर्षांच्या नात्यात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

मग काय, सौ. हत्तीच्या छापाचे पायजमे बघायला बसली. दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची, सौ. त्यातलं एक शून्य बोटाने झाकायची. साडूंनी आंब्याबरोबरचा चिकट भात मागवला. मी नारळपाणी पीत एका बाकावर टेकलो आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी मिळाली नाही अशी निवांत दुपार उपभोगली. मध्ये समोरून जहाजावरचे गुजराती काका सपत्नीक पळत गेले. काका पळताहेत हे बघून मी साडूंना म्हणालोही, ‘‘या वयात व्यायाम म्हणजे कौतुक आहे.’’

चार वाजून आठ मिनिटांनी आम्ही डुलत डुलत धक्क्यावर पोचलो. लांबूनच मेव्हणी दोन्ही हात हलवताना दिसल्या. साडूंनीही प्रेमाने हात हलवला.

झालं होतं असं, की ठेठरी संपली होती. आता मराठी माणूस भेळ संपल्यावर काय करतो? कागद वाचतो. मेव्हणी नागपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी तेलकट कागद गुडघ्यावर सरळ केला आणि वाचायला लागल्या. मधोमध, चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: शेवटची नाव पाच वाजता, जहाजाच्या वेळेनुसार. जहाज सिंगापूरच्या वेळेवरच चालणार आहे. किनाऱ्यावरची वेळ एक तास मागे असेल. आपापले फोन आपोआप बदलतील, त्यांवर विसंबू नये.

किनाऱ्यावर चार म्हणजे जहाजावर पाच. मेव्हणींनी हे वाचलं तेव्हा पाचला दहा कमी होते. आमचे फोन लागेनात; बाहेरदेशी बिल येतं म्हणून साडूंनी जाण्याआधी तिघांचेही कॉल बंद करून टाकले होते.

पाच वाजता खलाशी म्हणाला, ‘‘मॅडम, लास्ट बोट.’’

आत्याबाई उठल्या. दोन पावलं चालल्या. आणि बसल्या.

‘‘माझो पाय चलना नाय.’’

खलाशाने खुर्ची आणली. आत्याबाईंना खुर्ची नको होती. त्याने पाणी आणलं. त्या एकेक घोट घेत प्यायल्या. मग चप्पल सापडेना. ती त्यांच्याच पिशवीत होती. मग नावेच्या काठावर एक पाय ठेवून त्यांनी लाटांचा अभ्यास सुरू केला. ‘‘ही नको, पुढची येऊंदे.’’ सकाळी याच बाई एका ढांगेत नावेत बसल्या होत्या, हे त्या खलाशाला आठवत असणार. तो काही बोलला नाही. त्यालाही कुठेतरी आत्या असेल.

आम्ही नावेत पडलो तेव्हा जहाजाच्या वेळेने पाच वाजून अकरा मिनिटं झाली होती. आत्याबाई ताठ उठल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, ‘‘बोट काय तुझ्या बापाशीची आसा थांबाक?’’

जहाजाच्या दाराशी पोचलो तर कर्ण्यावरून पुकारा चालू होता. माझं नाव. उच्चार असा, की मला वाटलं कुठला तरी पदार्थ संपल्याचं सांगताहेत. उतरताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावतात आणि परतताना पुन्हा. कोण आत, कोण बाहेर, त्यांना क्षणात कळतं. मी कार्ड लावलं, ‘टिंग’ वाजलं, पडद्यावर माझा फोटो आला आणि कोपऱ्यात वेळ: १७.३१. गेल्या जन्मीचा कुणीतरी सायकलवाला त्या यंत्रात येऊन बसला असावा. तिथल्या मुलीने हसून विचारलं, ‘‘सर, एव्हरीथिंग ओके?’’ मी मनगट पाठीमागे लपवलं. तिने ‘आणि घड्याळ?’ असं विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर चौकशी केली, की पोचलो नसतो तर काय झालं असतं. गोदीचं भाडं, भरती-ओहोटी, पुढच्या बंदराची ठरलेली वेळ यांत जहाज बांधलेलं असतं, ते प्रवाशासाठी ताटकळत नाही. कंपनीच्याच सहलीला गेलेल्यांची बस उशिरा आली तर थांबतात. स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने पुढचं बंदर गाठायचं. पुष्कळदा खोलीतल्या तिजोरीतून तुमचा पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटाकडे देऊन ठेवतात, एवढा निरोप समारंभ. त्या एजंटाचा फोन नंबरही त्याच कागदावर छापलेला असतो. म्हणजे जहाज चुकलंच असतं, तर कुणाला फोन करायचा हे ठेठरीला ठाऊक होतं.

अहिवाऱ्याला परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला बँकेच्या कामाला दुर्गला जायचं होतं. बस सुटायला आलेली, कंडक्टर ‘‘दुरुग, दुरुग’’ ओरडतोय आणि सौ. अजून चष्मा शोधतेय. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आवाज दिला, ‘‘थोरकिन रुक न भइया, आवत हन!’’ ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कुणी कुरकुरलं नाही. एका बाईने सरकून सौ.साठी जागा केली. पंधरा मिनिटं बस उभी. गावात अशी लाडावलेली माणसं परक्या बंदरात का चुकतात, याचं कारण मला खिडकीशी बसल्यावर कळलं. पण ते ड्रायव्हरला सांगितलं नाही, उगाच सुधारायचा.

तेव्हा जाणाऱ्यांनो, जहाज जिथे थांबतं तिथून गाव किती लांब आहे ते आदल्या रात्री नकाशात बघा. थोडी तिथली सुटी नाणी-नोटा, पासपोर्टची छायाप्रत आणि जहाजाचं कार्ड खिशात ठेवा. मनगटावर साधं घड्याळ बांधा, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि परत सिंगापुरात उतरेपर्यंत त्याला हात लावू नका, कितीही हुशार असलात तरी. शेवटच्या नावेच्या तासभर आधी किनाऱ्यावर या. खोलीत आलेला कागद खाण्याचं काही बांधायच्या आधी वाचा. आणि हे सगळं जमणार नसेल, तर कोकणातली एखादी आत्या बरोबर न्या. तिचं तिकीट साडूंनी काढावं.